कॅमेरा दुपारी का बंद पडायचा

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस. रोज फोनवर बोलणारी आई कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखशीलच. मावशी परवा तुझ्याकडे येतेय, तिच्या हाती देतेय. पाकीट चिकटवलंय, तिला यातलं काही ठाऊक नाही.

तू पाठवलेला वायफायवाला मंगळवारी येऊन गेला. भला माणूस. फ्रिजवर राउटर आणि त्याला खेटून मायक्रोवेव्ह बघितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "काकू, हा जुना मायक्रोवेव्ह चालू केला की वायफायच्या लहरींत गोंधळ होतो. म्हणून तुमच्या मुलीला दुपारी कॅमेऱ्यात काही दिसत नाही." मी साळसूदपणे मान डोलावली. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई मी. लाइन कशाने तुटते हे मला तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं.

बाबांवर लक्ष राहावं म्हणून तू हॉलमध्ये कॅमेरा लावून गेलीस, त्यानंतरच्या आठवड्यात मी दूध गरम करत होते आणि तुझा फोन आला, "आई, चित्र का थांबलं गं?" मी मायक्रोवेव्ह बंद केला, चित्र परत आलं. तेव्हा दोघी हसलो होतो.

मग एका दुपारी बाबा झोपून उठले आणि मला म्हणाले, "तुम्ही कोण? आत कशा आलात?" मला वाटलं, चेष्टा करतायत. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी हसले तसं त्यांनी माझं मनगट धरलं. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत तारा ओढून ओढून घट्ट झालेला हात तो, सुटता सुटेना. दहा मिनिटांनी स्वतःच सोडला आणि चहा मागितला. तुला मी बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं. ते खोटं होतं गं.

तेव्हापासून दुपारी त्यांचा आवाज चढला, की मी स्वयंपाकघरात पळायचे, कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबायचे. कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा, तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जायचं. तुझ्या डोळ्यांतले बाबा तसेच राहावेत, एवढंच मनात होतं. तू त्यांना कुठेतरी नेऊन ठेवशील, ही धास्तीही होतीच. उकाड्यात मी लांब बाह्यांचे ब्लाउज का घालते, असं तू विचारलं होतंस. आता कळलं असेल.

वायफायवाल्याने कॅमेऱ्याला थेट वायरच जोडून दिली. जाताना म्हणाला, आता काहीही लावा, हलणार नाही. मी त्याला काय सांगणार?

काल दुपारी बाबांनी दाराला आतून कडी घातली आणि जुन्या पेटीतला मोठा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "ती कुठे आहे? काय केलंत तिचं?" मी सवयीने आत धावले, बटण दाबलं. वळून बघते तर दिवा जिथल्या तिथे, स्थिर. मी टेबलाच्या मागे तशीच उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते खुर्चीवर बसले, स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला आणि हाका मारत लहान मुलासारखे रडले. मला जवळ जायची हिंमत झाली नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तू कामात होतीस, बघितलं नसशील. पण त्याचं रेकॉर्डिंग राहतं म्हणे. कधीतरी उघडशील, आणि मी शेजारी नसेन, म्हणून हे लिहितेय. मला त्यांची भीती वाटते, खारूताई. हे कुणाला तरी सांगायचं होतं. तू ये, आपण दोघी मिळून त्यांना डॉक्टरांकडे नेऊ. मला एकटीला जमायचं नाही. आणि ते बघशील तेव्हा आवाज बंद करून बघू नकोस. बाबा ज्या बाईला वाचवायला हाका मारतायत ना, ते नाव नीट ऐक. माझंच आहे.

वाट बघणारी, तुझीच
आई