छत्रीजवळची बाई

कुंडल
दिवाळी पाडवा, १९७३

थोरल्या जाऊबाई राहीआक्कांस धाकट्या बनूचा पाया पडून नमस्कार.

हितं समदी खुशाल हायती. औंदा पाऊस झाला, जोंधळा कमरंएवढा आलाय. भावजींस्नी आष्ट्यात काम मिळालं का? आत्याबाई तुमची लय आठवन काढत्यात.

दिवाळीत बाया अंगनात शेणाच्या गवळणी घालत्यात, पन औंदा धोंडुबाई म्हनली, "गवळणी ऱ्हाऊ द्या गं, आपला संपच घालू." दुष्काळी कामावर आपल्या रामोसवाड्याला सगळ्यात टणक काळा दगड फोडायला आन पोटाला सुकडी वाटताना आपला नंबर शेवटाला, म्हनून उन्हाळ्यात हातोडं खाली ठेवलं, त्यो संप. देवळाम्होरं शेणाच्या येकवीस बाया बसवल्या. मुकादम छत्री घिऊन उभा. धोंडुबाईनं त्याचं पोट एवढं मोठं केलं की मेला सारखा पालथा पडायचा. लय हसलो.

जिनं तिनं आपली बाहुली घालायची, असं ठरलं. तुमी न्हाई, म्हनून तुमची माझ्याकडं आली. कडंवर अंजी बी बसवली. मग हातच चालंना. हजेरीतनं तुमचं नाव काढलं, सुकडी बंद झाली आन तुमी आष्ट्याला जायच्या आधीच पोर गेली.

तेवढ्यात धोंडुबाई छत्रीजवळ येक बाई घालायला लागली. "ही दगडी. नाव सांगनारी."

दगडाबाई लांब कट्ट्यावर बसली व्हती. तिनंच मुकादमाला तुमचं नाव सांगितलं म्हनून पाच-सहा म्हैनं तिच्याशी कुनी बोलत न्हाई. तुमी बी तिलाच शिव्या घालून गेलात. तिनं मान वर केली न्हाई.

मी धोंडुबाईच्या हातातलं शेण घेतलं. म्हनलं, "ती दगडाबाई न्हाई. ती मी हाय."

व्हय आक्का. मुकादमानं इचारलं, पयला हातोडा कुनी टाकला? मी तुमचं नाव सांगितलं. सयाजीसाठी वाटीभर सुकडी जादा देतो म्हनला व्हता. दिली. माझं पोरगं जगलं.

कुनी शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं वाटलं असतं. समद्या बाहुल्यांच्या डोक्यात झेंडूची पाकळी खोवली, छत्रीजवळच्या माझ्या बाहुलीच्या न्हाई. मोडली बी न्हाई. दगडाबाईला हाताला धरून आनली, तवा ती लेकरागत रडली.

माफी मागायला तोंड न्हाई. दुसऱ्याकडनं कळायच्या आत माझ्या हातानं कळवते, एवढंच. तुमची जाऊ म्हनायचं का न्हाई, ते तुमी ठरवा.

अंजीची चुलती,
बनू