शाळूमायला पत्ता हवा

१७ जानेवारी २०२६, शनिवार

आज आलेला खर्च —
डिजिटल सही, दोन नग (एक माझी, एक गटातल्या तानुबाईची) — ३,४०० रु.
पाचशेचा बाँड (स्टॅम्प पेपर), एक — ५०० रु. विकणाऱ्याने वर वीस घेतले. का, ते सांगितलं नाही.
आधार, पॅनच्या झेरॉक्स — २२ रु.
देवगाव फाटा ते सेलू जीप, जाऊन-येऊन — ६० रु.
एकूण ४,००२.

सही म्हणजे काय, तर बोटाएवढी काडी. कॉम्प्युटरात खुपसायची. दहावीपासून पेनाने करत आले ती सही फुकट होती!

या सहीसाठी गेल्या आठवड्यात मोबाइलसमोर बसून पूर्ण नाव सांगायचं होतं. तानुबाईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. तिने सरळ उखाणाच घेतला — मेंढरांची खिल्लारं, चांदण्यांची रास, असं काहीतरी लांबलचक. पलीकडची पोरगी म्हणाली, "मॅडम, कविता नको, नुसतं नाव सांगा." तानुबाई म्हणे, "नुसतं कसं घिऊ? माझं लगीन झालंय." तीनदा करावं लागलं.

बाँड मला कोणी आणायला सांगितला नव्हता. मीच घेतला. बाँडावर नसलेलं काम इकडे कोणी पक्कं धरत नाही. कंपनीच्या पत्त्याचा कागद त्याच्यावर करून घेईन म्हणते.

नृसिंहा, सुरुवात झाली बघ.

२० जानेवारी, मंगळवार

नाव मंजूर! "शाळूमाय फूड्स प्रायव्हेट लिमिटेड." परभणीला कंपन्यांची कागदं करणारे सिद्धोधन सर आहेत, त्यांचा काल फोन आला. आधी देवाचं नाव दिलं होतं, पण तशा नावाच्या कंपन्या आधीच ढीगभर. देवाला काय कमी! शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे पोहे करतो, शाळूच्या नावावर खातो — तेच बरोबर.

सर म्हणाले, "ताई, नाव वीस दिवस तुमचं. आठ फेब्रुवारीच्या आत बाकीचा फॉर्म गेला पाहिजे." मुदत पैसे भरून वाढवता येते म्हणे. नाही वाढवणार. नाव घ्यायला हजार गेले, ते पुरे.

पुण्याचा दुकानदार पाडव्यापासून महिन्याला दोन क्विंटल पोहे घ्यायला तयार आहे. पण बिल कंपनीचं पाहिजे, म्हणतो. बचत गटाच्या पावतीपुस्तकावर तो पन्नास किलोच्या वर गेलाच नाही. सहा बायांच्या हाताला वर्षभर काम मिळेल. डायरेक्टर आम्ही दोघी — मी आणि तानुबाई. दोघी पुरतात.

राहिलं एकच. कंपनीला पत्ता लागतो. पत्ता म्हणजे आमची ओसरी. त्याला लाइट बिल आणि घरमालकाची लेखी परवानगी हवी. घर सासूबाईंच्या नावावर, बिलही त्यांच्याच.

घरातलंच माणूस. उद्या होऊन जाईल.

२१ जानेवारी, बुधवार

झालं नाही.

सकाळी आत्याबाईंनी (सासूबाईंना मी असंच म्हणते) नेहमीसारखी ताटलीवर पळी वाजवून आरती केली. आमच्या देव्हाऱ्यात घंटा नाही. सव्वीस वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, मग विचारणं सोडलं. मीही ताटलीच वाजवते.

प्रसाद घेतला अन् बाँड त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, इथं अंगठा लावा.

त्यांनी हात असा मागे घेतला, जसा काही विंचूच दिसला! "उचल. देवापुढून उचल ते!"

मग बोलल्या. उभ्या-उभ्याच. "तुझ्या सासऱ्यानं असाच आणला होता. दिनकररावसंगं सेलूला दुकान टाकायलाय म्हणले. इथं अंगठा लाव, नुसती रीत हाय म्हणले. म्या लावला. दुकान बुडालं, दिनकरराव पळाला, अन् कोर्टाची माणसं इथं आली. हंडे नेले, परात नेली. जाता-जाता एकानं घंटा उचलली. म्हणलं, आरं देवाची हाय. तर म्हणला, पितळाची हाय."

मी बाँड उचलला.

"पोखर्णीला नरसिंहाच्या पायावर हात ठिऊन आलेय. बाँडावर पुन्यांदा अंगठा न्हाई. तू कंपनी काढ न्हाई तर काय बी काढ."

दुपारच्या एसटीने पाथरीला गेल्या, बबिताकडे — माझी नणंद. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "फोन करू नको. फोनवर माणूस गोड बोलतंय. काय असंल ते लिहून पाठव, बबी वाचून दाखवंल."

यांनी पिशवी उचलली आणि स्टँडवर सोडायला गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

राग कोणाचा करू? आत्याबाईंचा येत नाही. माझाच येतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

सिद्धोधन सरांना फोन लावला. म्हटलं, सासूबाई बाँडावर अंगठा लावत नाहीत, काही दुसरा रस्ता?

"बाँड? बाँड कशाला आणला ताई? साध्या कागदावर चालतं की."

साध्या कागदावर!

फोन हातात धरून चुलीपाशी बसले. पाचशे वीस रुपये गेले ते गेले, म्हातारं माणूस घरातून गेलं. तेही न मागितलेल्या कागदापायी. आधी एक फोन केला असता तर!

रडून झाल्यावर पुन्हा फोन लावला आणि नीट विचारलं. सर, कंपनी बुडाली तर?

"तुम्ही दोघींनी दहा-दहा हजार टाकलेत. तेवढे बुडतील."

घर?

"घराला हात लागत नाही. लिमिटेडचा अर्थच तो. पण बँकेचं कर्ज काढताना तुम्ही स्वतः जामीन राहिलात, तर मग कंपनी तुम्हाला वाचवणार नाही. ते ध्यानात ठेवा."

लिहून ठेवते, खाली दोन रेघा मारून — जामीन राहायचं नाही. कोणाला नाही. कंपनीला पण नाही.

२४ जानेवारी

पाथरीला कार्ड टाकलं. पन्नास पैसे. सगळं लिहिलं — बाँड लागत नाही, चूक माझी, एकादशीला येते. कार्डच घेतलं, पाकीट नाही. पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

२६ जानेवारी, सोमवार

रात्री जेवताना हे म्हणाले, "आई थोडीच बघायला येणार हाय. कोणाचा बी अंगठा लाव अन् दे पाठवून. कागदाला काय कळतंय?"

मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. मनात म्हटलं, दिनकररावही असंच काहीतरी म्हणाला असेल.

तानुबाईला सांगितलं तर ती म्हणे, "माझं घर घे की." तिचं घर गायरानात. मीटर नाही, वायर शेजाऱ्याकडून घेतलेली. "शंभर मेंढरं हायत, बाई, पर बिल न्हाई!" असं म्हणून स्वतःच हसत सुटली. मला हसू आलं नाही. घरी येताना आलं.

२९ जानेवारी, गुरुवार. एकादशी

पाथरीला जाऊन आले. तिकीट अर्धं — बायांना अर्धं आहे हे बरं. बरोबर शेंगदाण्याचे लाडू नेले, आज आत्याबाईंनाही उपवास.

बबिताच्या दारात आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाया पडले. म्हणाल्या, "बाँड आणला का?"

नाही म्हटलं. वहीतून फाडलेला कागद दाखवला — रेघारेघांचा. पाच ओळी मी स्वतः लिहिलेल्या. या घराची ओसरी कंपनीला कामापुरती वापरू देते, माझी हरकत नाही. घर माझंच राहील. एवढंच. वाचून दाखवलं.

"तवा बी वाचून दाखवलं होतं."

मी म्हटलं, आत्याबाई, माझ्या पोह्यांच्या डब्यात मी दहा हजार टाकलेत. डबा सांडला तर दहा हजारच सांडतील. घरातली परात कोणी नेणार नाही.

"अन् तू? तुला कुणी धरून न्हेलं तर?"

मी चोरी केली तर नेतील. धंदा बुडाला म्हणून नाही.

त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं नाव हाय का ह्याच्यात?"

आहे. डायरेक्टर म्हणून.

"बन्सीचं?"

नाही. (त्यांनी यांचं नाव घेतलं म्हणून इथे लिहिते — बन्सीधर. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा लिहिलं! फॉर्मवर लिहिलं ते सोडून.)

"तवाच्या कागदात माझं नाव कुठंच नव्हतं," म्हणाल्या. "निस्ता अंगठा होता."

मीही शेंगा फोडायला लागले. साडेतीनच्या गाडीची वेळ झाली तेव्हा कागद मागितला. दिला नाही, पदराखाली घातला.

"ठिऊन जा. बबी वाचंल. मग तिचा सासरा वाचंल, त्यो मास्तर होता. मग बघू. घाई करू नको मला."

आठ तारखेचं सांगितलं नाही. घाई झाली असती.

३१ जानेवारी

टपाल नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

टपाल नाही. पाडव्याला दीड महिना आहे, पण कंपनी झाल्यावर बँकेचं खातं, जीएसटी, खाद्याचा परवाना — एकेकाला पंधरा दिवस धरले तर दिवस पुरत नाहीत. पुण्याच्या दुकानदाराचा आज निरोप, "ताई, तुमचं जमतंय ना? नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

जमतंय म्हटलं. आवाज ठाम काढला. बायांना काही सांगितलं नाही. त्या आज नेहमीसारख्या शाळू भिजत घालत होत्या, मी दाराशी उभी राहून नुसती बघत राहिले.

फाट्यावर पत्र्याची एक खोली आहे. महिना दोन हजार आणि सहा महिन्यांचं आगाऊ. मालक म्हणाला, "बिल माझ्या नावावर हाय, सही लगेच देतो." बारा हजार! कंपनीत टाकले त्याहून जास्त. बांगड्या आहेत, मोडता येतील.

४ फेब्रुवारी

शाईचा पॅड आणला — १५ रु. कशाला आणला ते लिहीत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पॅड परत द्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "उघडलाय तुमी." हो, उघडला. काल रात्री उघडला, स्वतःचा अंगठा त्यावर टेकवला आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसले. आत्याबाईंचा अंगठा माझ्या अंगठ्याहून रुंद आहे, हाच विचार येत राहिला. माझे विचार इथपर्यंत गेले!

देव्हाऱ्याकडे नजर गेली. ताटली, पळी. घंटेची जागा रिकामी.

उठून हात धुतले. राखेने घासले तरी निळं राहिलंच.

पॅडचे १५ रु. बुडीत. लिहून ठेवते, म्हणजे लक्षात राहील.

तानुबाईला सांगितलं, उद्या मी बांगड्या घेऊन फाट्यावर जाते. ती म्हणे, "मेंढरं इकू का दोन?" नको म्हटलं. पण कंपनी होणार. ओसरीवर नाही तर पत्र्याखाली. पुण्याला पाडव्याला माल जाईल तो बिलासकट जाईल. खोटा अंगठा लावून एक दाणा जाणार नाही. नृसिंहा, एवढं माझ्याकडून पार पाडून घे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बांगड्या रुमालात बांधून दारात चप्पल घालत होते, तर पोस्टमन. स्पीड पोस्टचं पाकीट. आत माझाच तो रेघांचा कागद, चार घड्या पडलेला. खाली रुंद, स्वच्छ अंगठा. बाजूला बबिताच्या अक्षरात — निशाणी अंगठा, नर्मदाबाई. कागदाचा आणि लाइट बिलाचा फोटो काढून सरांना पाठवला, बांगड्या हातात घातल्या. सोबतची चिठ्ठी इथे उतरवून ठेवते, म्हणजे हरवायची नाही.

"चि. मंदाकिनीस आशीर्वाद. बबीनं वाचलं, तिच्या सासऱ्यानं वाचलं, मग शेजारच्या पोरीला बोलावून वाचायला लावलं. तिन्ही टायमाला तेच निघालं. म्हणून अंगठा लावलाय. बन्सीला सांग, रविवारी न्यायला ये. पाथरीच्या बाजारात घंटा बघून आले. एक पावशेराची हाय, एक तिच्या दुप्पट, अच्छेराची, तिचा आवाज लांबवर जातोय. आपल्या देवाला कोणती घिऊ, ते उलट टपाली कळव."