बिजागऱ्यांना तेल

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! मावशीचं घर आता आमचं, आणि लवकरच दुसऱ्या कुणाचं तरी. घर धट्टंकट्टं आहे, फक्त कुरकुरतं. मालकिणीवर गेलंय. फाटक किंचाळतं, स्वयंपाकघराचं दार कण्हतं आणि जिन्याची प्रत्येक पायरी वर जाणाऱ्याला शिव्या घालते. एजंट म्हणाला, हे ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल, आधी दुरुस्ती करा. सुतार कशाला हवा? बाबांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलेय.

घर विकलं की आईला दादा-वहिनीकडून सोडवायचं. तिथे तिला ताट मिळतं, पण आदळून. ऐकू येत नाही म्हणून बिचारी हसते. आमच्यात कान लवकरच जातात. शेवटी मावशीचेही गेले होते म्हणे. दोघी बहिणी बोलत नव्हत्या ते बरंच, ऐकणार कोण होतं? आईला काही सांगायचं तर मी याच वहीत लिहून तिच्यासमोर धरते. त्यामुळे माझ्या रोजनिशीत मधूनमधून ‘गोळी घेतलीस का?’ असतं.

बुधवार, ६
बिजागऱ्यांचा गंज घासून तेल सोडलं. नळाला नवा वॉशर बसवला, पायऱ्यांखाली पाचरी ठोकल्या, दारांना रंग दिला. शेजारीण कुंपणापलीकडून डोळे वटारून बघत होती. चहाला बोलावलं, तर फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार नाही. म्हणाली, मावशीने एका सुताराला तेलाच्या डब्यासकट हाकलून दिलं होतं. एक नंबरची खडूस बाई, दुसरं काय!

गुरुवार, ७
घर चिडीचूप. फाटकातून आत येताना एजंट दिसला, नि मीच दचकले. तो भलताच खूश झाला. पण स्वयंपाकघराच्या दारावर ओल्या रंगात, खांद्याच्या उंचीवर लांब फरकाटा आहे. त्याचाच प्रताप असणार. उद्या चांगली हजेरी घेते.

शुक्रवार, ८
एजंट उलट माझ्यावरच तापला. त्याचं खरं आहे, तो ओसरीच्या पुढे आलाच नव्हता. आज फरकाटा सकाळीच रंगवलेल्या जिन्याच्या कठड्यावर आहे. भर दुपारी, मी खाली जेवत असताना. मी लावलेलं माडीचं दार सताड उघडं होतं. उघडताना काहीच वाजलं नाही. वाजेल कसं, तेल मीच घातलंय.

शेजारणीला गाठलं. मावशी आवाजांवर दिवस काढायची म्हणे. जिना वाजला की ती अंगणात. फाटक वाजलं की माडीवर. ‘ते’ कुठे आहे एवढं कळलं, की आपण दुसरीकडे जायचं. ते काय, हे तिलाही माहीत नाही.

“कान गेले आणि आठवड्यात तुमची मावशी गेली,” ती म्हणाली. “तुम्ही तर घराची जीभच कापलीत.”

शनिवार, ९
बिजागऱ्यांत माती कोंबली. मिठाचं पाणी ओतलं. पाचरी उपटायला गेले, तर हलत नाहीत. घर वाजेना. माझा हात चांगला, तोच नडला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

बसायच्या खोलीच्या उंबऱ्यातली सुटी फरशी तेवढी बसवायची राहिलीय, सिमेंट संपलं होतं म्हणून. पाय पडला की टक, उचलला की टक. इथेच बसून बॅग भरतेय. विक्री गेली खड्ड्यात.

बाहेर हॉर्न. दादा—

शनिवार, नंतर
आईला उतरवून गेलासुद्धा. विचारलं नाही, पुसलं नाही. म्हणे वहिनीला त्रास होतो. फोन केला तर उचलत नाही. दुसरी गाडी बोलावलीय. आई फार दमलीय, समोर खुर्चीत पाणी पितेय. दाराकडे पाठ. बहिणीचं घर म्हणून भिंतींकडे बघून हसतेय. मी घाबरलेय हे तिला कळू द्यायचं ना—

टक.

दारात कोणी नाही. पण फरशी एका बाजूने दबलीय. वर येत नाही.

हाक मारून काय—

आई, मागे बघू नकोस. पेला ठेव. ऊठ, माझा हात धर, खिडकी—

आई, भिंती नको बघू. ही वही बघ. वाच ना गं

फरशी वर आली
आई इकडे—