शौकतभाईंचा कम्युनिकेशन इनचार्ज

५ मे
आजपासून मी कम्युनिकेशन इनचार्ज. शौकतभाई पाणबुडे. विहिरीत पडलेल्या मोटारी काढतात, धरणातल्या पंपांच्या जाळ्या साफ करतात. आजवर मी काठावर नुसता त्यांचा दोर धरायचो. तीन हिसके म्हणजे वर ओढ. या जमान्यात शोभतं का हे? म्हणून पाण्याखाली बोलायचा सेट मागवला. एक यंत्र त्यांच्या मास्कला, एक माझ्याकडे. ओतूरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बॅटरीतलं मला कुणी शिकवू नये.
संकल्प : माहितीपुस्तिका पूर्ण वाचणे.

६ मे
पुस्तिकेतली चित्रं बघितली. चार्ज झाल्यावर बॅटरी काढून ठेवा म्हणे. हे सामान्य ग्राहकांसाठी. राहू दिली चार्जिंगला.

९ मे
बॅटरी अजून चार्जिंगला. गरम लागते, म्हणजे ताकद आली. जराशी फुगलीय. तेजस्विनी म्हणाली, अहो, घरात स्फोट व्हायचा. फ्रिजमध्ये ठेवली, दह्याशेजारी. तेजस्विनीने बोलणं बंद केलं.

१२ मे
फुगल्यामुळे मास्ककडच्या यंत्राचं झाकण बसेना. रबरी वॉशरला खोबरेल लावून दाबून बसवलं. ड्रममध्ये बुडवून चाचणी घेतली. बुडबुड्यांचा आवाज एकदम स्पष्ट. चाचणी यशस्वी.

१५ मे, संध्याकाळ
गावच्या पाणीयोजनेची जाळी गाळाने भरलेली. नळ बंद. शौकतभाई धरणात उतरले. मी म्हणालो, दोर आता कशाला? ते म्हणाले, "दोर पाहिजेच, चांगदेव." त्यांचा मान ठेवला. एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं बाभळीला बांधलं. इनचार्जचे हात मोकळे हवेत.
हॅलो शौकतभाई, ओव्हर. उत्तर नाही. सेट बंद करून चालू केला. उत्तर नाही.
बानूबाई मेंढरं पाण्यावर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "आरं भाऊ, त्यो दोर लई हिसकं मारतोय." मी म्हणालो, मावशी, लाइनमध्ये डिस्टर्बन्स नको.
मग हिसके थांबले. बानूबाईंनी काठी टाकली, दोर धरला आणि ओरडल्या, "हिकडं ये की! डब्याशी काय बोलत बसलाय!"
सेट टाकून धावलो. दोघांनी ओढलं. येईना. परत ओढलं. शौकतभाई वर आले तेव्हा ओठ निळे होते. पाय गाळात रुतला होता, पाठीवरच्या टाकीतली हवा संपली होती. बऱ्याच वेळाने श्वास सरळ झाला. त्यांनी बानूबाईंना हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही.
यंत्रातून वाटीभर पाणी निघालं.
निष्कर्ष : किरकोळ तांत्रिक अडचण.

१६ मे
झोप नाही. इन्व्हर्टरचा आवाज येतो. तेजस्विनी म्हणते, इन्व्हर्टर बंदच आहे.

१७ मे
शौकतभाई दुकानात आले. मी बॅटरीतला दोष समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तीनदा ओढला, चांगदेव. परत तीनदा. वाटलं, तू हायेस वर."
चहा मागवला. त्यांनी घेतला नाही, मलाही गेला नाही.
चर्चा एकंदर सकारात्मक.

२० मे
जाळीचं काम पूर्ण. नळाला पाणी आलं. दोर बानूबाईंनी धरला, शौकतभाईंनीच तसं सांगितलं होतं. मग मेंढरं कोण बघणार? मी. कळप सांभाळणं हेही शेवटी कम्युनिकेशनच.
एक मेंढरू टेकाडामागे गेलं. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. ढिम्म.
काम उरकल्यावर बानूबाईंनी एकदाच हाक दिली.
आलं. माझ्या पायावर पाय देऊन त्यांच्याकडे गेलं.