हसू कुणी सुरू केलं?

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा). तुझी कंबर कशी आहे? आणि भावोजींचं घोरणं?

शाळेतली सकाळची प्रार्थना आठवते? आपल्या ओळीत हसू फुटायचं आणि सिस्टर उभं करायच्या मला, कारण आवाज माझा मोठा. सुरुवात कुणी केली हे त्यांना कधीच कळलं नाही. तू आपली डोळे मिटून, अगदी देवदूत.

परवा त्याचीच आठवण झाली. माझ्या आकड्या काही औषधांना जुमानत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला हॉस्पिटलात ठेवून घेतलं, डोक्याला वायरी चिकटवल्या (केसांतला गोंद अजून निघतोय) आणि म्हणाल्या, आता एक आकडी आली की काम झालं. झालं! जी बया माझ्या लग्नात न बोलावता आली, लेकीच्या बक्षीस समारंभात आली, ती आमंत्रण दिल्यावर फिरकेना. नर्स आणि मी दाराकडे डोळे लावून बसलो. शेवटी आमच्या ह्यांनी गॅस कसा पेटवायचा हे विचारायला फोन केला, तेव्हा आली.

पण काय डोकं आहे गं ह्या डॉक्टर मुलीचं! वयाने आपल्या भाचीएवढी. त्या नोंदींवरून तिने माझ्या मेंदूचं जाळं संगणकावर मांडलं. नुसते ठिपके, आणि कुणाचं कुणाशी सूत आहे त्याच्या रेघा.

"मावशी, सगळ्यात जास्त दंगा करतो तो हा ठिपका. आजवर दोष ह्यालाच दिला. पण त्याला चिथावणारा हा, कोपऱ्यातला. वरून गप्प, आतून सगळ्यांशी संधान."

"अगंबाई," मी म्हटलं, "ही तर आमची ताई!"

तो कोपऱ्यातला ठिपका ती सोमवारी ऑपरेशन करून काढणार आहे. शेजारीच शब्दांचं घर आहे. काही नावं हरवतील कदाचित, हेही तिने लपवलं नाही. मी हो म्हटलंय. एकदा तरी एकटीने रस्ता ओलांडायचाय गं मला.

तुझी,
मोठ्या आवाजाची

ता. क. काही बरंवाईट झालंच तर शिवणयंत्र लेकीला, निळी शाल वन्संना, बागेची कात्री शेजारच्या मास्तरांना (तशीही त्यांच्याकडेच असते), आणि ह्यांना गॅसचा लायटर, पेटवून दाखवून.

आणखी ता. क. एक ताई काढून टाकतायत, तर दुसरी हजर हवी. सोमवारी ये. मला जाग येईल तेव्हा खाटेपाशी प्रार्थनेतल्यासारखी उभी राहा, डोळे मिटून. तुझं नाव आठवलं नाही तर रडू नकोस. मला हसू फुटलं, की वाटणी थांबव. लायटर तेवढा ह्यांना देऊन टाक.