वापर शून्य

शहापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय संगीताताईस,
मुकेशचा सप्रेम जयभीम.

मुरबाडला पोचल्याचा तुझा निरोप आईला मिळाला. तिथे थंडी पडली असेल, स्वेटर घालत जा. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त कुरकुरते. वेळशेतच्या दवाखान्यातली नोकरी संपून चार वर्षं झाली, तरी वेळशेतचं कोणी भेटलं की "फ्रीज नीट चालतो ना रे?" हाच पहिला प्रश्न. परवा जेवताना तुझ्याबद्दल म्हणाली, "माजी पोर घरी बसवली त्यांनी." म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी ताटात बघत राहिलो.

गोदामाचं सांगायचं तर आता तू ओळखणार नाहीस. नवे रॅक आले, प्रत्येक खोक्यावर बारकोड आला. मुंगी आत शिरली तरी तिला आधी बारकोड चिकटवतात, असं आम्ही म्हणतो. कंपनीकडे औषध पुरवठ्याचं कंत्राट आल्यापासून सोळा केंद्रांचा साठा मला एका पडद्यावर दिसतो. कुठे काय कमी, कुठे काय मुदतीला आलंय, सगळं. दिवाळीच्या आधी ठाण्याच्या बैठकीत आमच्या गोदामाचं कौतुक झालं. मुदत संपून फेकायला लागलेली औषधं अर्ध्यावर आली म्हणून. टाळ्या वाजल्या. तुला हे सांगायची ही वेळ नाही, कळतं मला. पण पहिल्यापासून असलं सगळं तुलाच सांगत आलोय.

सावळीला साप चावला त्या दिवशी तू फोन केलास. माझ्या फोनला रेंज नव्हती गं.

सावळीचा नवरा नवशा शहापूरला आला होता, असं ऐकलं. मला भेटला नाही.

तुझ्या निलंबनाच्या पत्रात 'अनधिकृत उसनवारी' असा शब्द आहे म्हणे. ऐकून हसावं की रडावं तेच कळेना. तुझ्या खैरटेपच्या केंद्रात पावसात चार चार दिवस वीज नसते, म्हणून तिथली सापाची इंजेक्शनं वेळशेतच्या फ्रीजमध्ये ठेवायची, हे तू काय काल सुरू केलंस? माणूस चावला की तू फोन करायचीस, आधी आई फ्रीजमधून डबा काढायची, तिच्यानंतर कुंडलिक काढायचा, आणि जो मोटरसायकलवाला समोर दिसेल त्याच्या हाती द्यायचा. अर्ध्या तासात डबा खैरटेपला. रजिस्टर वेळशेतचं, म्हणून नोंद वेळशेतला. शेजारून वाटीभर साखर आणावी तसं ते चाललं होतं, आणि साखरेची पावती कोणी मागितली नव्हती. आता साहेब विचारतात, वेळशेतला तीन वर्षांत एकोणीस पेशंट आणि खैरटेपला एकही नाही, असं कसं?

चौकशीत माझंही बोलणं झालं. सविस्तर भेटल्यावर सांगेन. तू काळजी करू नकोस. सत्याला मरण नाही म्हणतात.

तुझा,
मुकेश


मुरबाड,
१ डिसेंबर २०२४

चि. मुकेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भीमामावशीला सांग, मी रडत बसलेली नाही. भावाच्या शेतावर वाल लावलेत, पाणी शेंदते. हातांना सवय राहिली नव्हती, फोड आले.

रेंजचं मनाला लावून घेऊ नकोस. डोंगरात आमची काय आणि शहरात तुमची काय, रेंज ती रेंजच. तीनदा लावला, मग सोडून दिला.

चौकशीत मला कोणी नीट बोलू दिलं नाही, म्हणून तुला लिहिते. सावळी गवत कापायला गेली होती. दुपारी दोनला नवशानं तिला पाठीवर आणली. घोणस होती, पाय सुजायला लागला होता. तो म्हणाला, "सिस्टर, सुई टोच ना गो लवकर." मी वेळशेतला फोन लावला. कुंडलिक फार्मासिस्ट काय वाईट माणूस नाय, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "ताई, आता तसं देता येत नाय. अॅपवर मागणी टाका, शहापूरहून मंजुरी आली का लगेच देतो." मी मागणी टाकायला टेकाडावर गेले, ती गेली की नाही तेही समजलं नाही. वेळशेतची वाट मोटरसायकलपुरतीच, आणि सावळीला बसवत नव्हतं. शेवटी शहापूरची जीप मिळाली. शहापूरच्या अलीकडेच तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. नवशा पुढच्या सीटवर होता, त्याला मी बराच वेळ सांगितलंच नाही. "किती राह्यलं?" म्हणून विचारत होता. मी म्हणत होते, आलंच.

मुकेश, तुझ्याकडे एकच मागणं आहे. उसनवारी कंपनी यायच्या आधीपासून होती आणि सगळ्यांना माहीत होती, एवढं तू लिहून दे. साठ्याचा माणूस तू आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. पेन्शनला सहा वर्षं राहिलीत माझी. पेन्शनपेक्षाही, सावळी माझ्यामुळे गेली असं कागदावर राहू नये. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची.

तुझी,
ताई


शहापूर,
१२ मार्च २०२५

ताई,

सव्वातीन महिने उत्तर दिलं नाही. फोनवर बोललो असतो तर तू मला मध्येच समजून घेतलं असतंस, आणि मी घेऊ दिलं असतं. म्हणून लिहितोय.

रेंज होती.

ठाण्याच्या बैठकीत मी पहिल्या रांगेत होतो. बोलायची पुढची पाळी माझीच होती. पडद्यावर माझा तक्ता लागला होता. फोन थरथरला, तुझं नाव दिसलं. महिनाभर तू मागे लागली होतीस ना, खैरटेपला सापाच्या इंजेक्शनच्या निदान दहा बाटल्या ठेव म्हणून? मला वाटलं, तेच असेल. मी फोन उलटा ठेवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी बोलत होतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा टाळ्या चालू होत्या. तुझी मागणीही पोचली होती, दोन पस्तीसला. मी ती चहाच्या वेळी पाहिली, चार वाजून दहा मिनिटांनी, आणि लगेच मंजूर केली. तेव्हा सावळी जिवंत होती का, हे तुला विचारायची माझी छाती होत नाही.

अजून आहे. मागचा वापर बघून साठा वाटायचा, ही पद्धत वरून आली. पण खैरटेपच्या रकान्यात शून्य टाकलं ते मी, माझ्या हातानं. ज्याची आई त्या फ्रीजचं दार उघडायची, त्यानं. ते शून्य खोटं आहे हे सोळा केंद्रांत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण खरं लिहायचं तर उसनवारी लिहावी लागली असती, ती लिहिली असती तर साहेबांनी विचारलं असतं, आणि मला एप्रिलमध्ये कायम व्हायचं होतं. शून्य लिहिलं की तक्ता स्वच्छ दिसायचा. फेकायला जाणारी औषधं कमी झाली म्हणून माझं कौतुक झालं ना, त्यात खैरटेपच्या बाटल्याही होत्या. मंजुरीशिवाय कुठल्याही केंद्रानं दुसऱ्याला औषध द्यायचं नाही, हे सरसकट परिपत्रकही मीच टाइप केलं होतं.

आणि तू मागितलंस ते. मी तुला पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या नऊ दिवस आधी माझा जबाब झाला होता. 'सदर उसनवारीची मला पूर्वकल्पना नव्हती.' खाली माझी सही. सत्याला मरण नाही वगैरे लिहिलं ते त्याच पेनानं.

तुझं पत्र आल्यावर मी साहेबांकडे गेलो होतो, हे मात्र खरं. जबाब बदलायचाय म्हणालो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "फाइल वर गेली. बदलायचं तर बदल, पण मग तक्ता कोणी केला ते पण निघंल. सिस्टरला घरी बसवलंय, तुला पण बसायचंय का?" मी चहा प्यायलो. ताई, मी तो पूर्ण प्यायलो आणि कप बाजूला ठेवून उठलो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोरानंच दोर धरून दिला.

आईला हे सांगितलेलं नाही. तिला कळलंय, असं वाटतं. हल्ली ती ताटात वाढते आणि उठून जाते.

काल नव्या वर्षाची मागणी भरली. खैरटेपच्या रकान्यात मी दहा लिहिलं. पाच मिनिटांत तांबड्या रंगात परत आलं: मागील वापर शून्य, कारण नमूद करा. कारण काय नमूद करू? सावळीला बाटली मिळालीच नाही, म्हणून ती वापरली गेली नाही, म्हणून वापर शून्य. ती शहापूरच्या अलीकडे गेली, म्हणून शहापूरच्याही खात्यात ती नाही. माणूस मेलं आणि आकडा हललासुद्धा नाही. मी 'सर्पदंशाने मृत्यू' असं लिहिलं. पुन्हा परत आलं, त्या रकान्यात फक्त वापर लिहायचा असतो. संध्याकाळी मुदत संपत होती. शेवटी शून्य टाकून पाठवलं. लगेच हिरवं झालं.

मी नोकरी सोडणार नाही. सोडीन असं दोनदा ठरवलं, म्हणून आता ठरवतही नाही. एप्रिलचं पत्र येईल, मी कायम होईन.

तुझ्या जागेवर खैरटेपला नवी सिस्टर आलीय, पौर्णिमा नावाची. हसतमुख पोरगी आहे, पहिलीच नेमणूक. आज सकाळी तिनं साठ्याची यादी जुळवायला फोन केला होता. शेवटी म्हणाली, "सर, यादीत सापाचं इंजेक्शन दिसत नाही. इकडे लागत नाही का?"

मी म्हणालो, "रेकॉर्डप्रमाणे नाही."

ती म्हणाली, "बरं झालं बाई, मला सापाची लई भीती वाटते."

माफी मागत नाही, ती तुझ्याकडेही शिल्लक नसेल.

मुकेश भीमाबाई