मोगरा कॉलनीची कमान

९ एप्रिल, गुढीपाडवा. सकाळी ७

संकल्प: मोगरा कॉलनी सुंदर करायची. अख्ख्या लातुरात एक नंबर. नाव मोगरा आणि मोगरा एकही नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. याला व्हिजन म्हणतात.

रोज पाचला उठायचं. रोज डायरी. साखर पूर्ण बंद.

सकाळी ११

साखरेच्या गाठी खाल्ल्या. सण आहे. उद्यापासून बंद.

शिवकांता म्हणाली, हौदाचं झाकण फुटलंय, तेवढं आणा. पाडव्याच्या दिवशी झाकण! आमच्या सौ.ला मोठं काही सुचत नाही. माप मात्र लगेच घेतलं आणि चिठ्ठीवर लिहून खिशात टाकलं. काम निम्मं झालं.

१० एप्रिल

उठायला आठ वाजले. डोक्यात विचार फार होते.

दुपारी कुरिअरवाला आला. उमाशंकर हुडगे कुठं राहतात, असं त्यानं समोरच्या किराणा दुकानात विचारलं. दुकानदार हणमंतराव म्हणाले, असं कुणी न्हाई हितं. मग डोकं खाजवून म्हणाले, हां हां, शिवकांताबाईचे मालक व्हय!

तीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये जमिनी मोजल्या. मी शेतात उतरलो की गाव बांधावर गोळा व्हायचं. या बांधाला चहा, त्या बांधाला भजी. आणि रिटायर झाल्यावर मी नुसता मालक?

शिवकांताचं नाव कशामुळे, तर टँकरमुळे. नळ आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. टँकरवाल्या बजरंगला फोन ती करते. कुणाच्या हौदात आधी पाइप टाकायचा, तेही तीच सांगते. यात कसलं कर्तृत्व?

वाईट वाटलं. डायरीत खोटं कशाला लिहू, लई वाईट वाटलं. साखरेचा चहा घेतला.

१३ एप्रिल

सुशोभीकरण समितीची पहिली सभा. वेळ सहा. प्रतिसाद उत्तम. मी, हणमंतराव आणि शेजारच्या सरजाबाई. सरजाबाई घागर घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं टँकरचे नंबर लावायलेत. उत्साह दिसतो.

अध्यक्ष म्हणून माझी एकमतानं निवड. हणमंतराव तेव्हा गिऱ्हाईक बघायला गेले होते.

चर्चा. बाग? पाणी नाही. झाडं? पाणी नाही, शिवाय शेळ्या. कारंजं मीच सुचवलं. सरजाबाई इतक्या हसल्या की घागर पडली. शेवटी माझ्याच डोक्यात आलं: कमान! कॉलनीच्या तोंडाशी लोखंडी स्वागत कमान. पाण्याशिवाय होणारं सौंदर्य म्हणजे कमानच.

१६ एप्रिल

वर्गणीसाठी घरोघर. प्रतिसाद उत्तम. सगळे म्हणाले, नंतर. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे चार घरांनी दार न उघडताच सांगितलं की आमचं मत ठरलंय. एका घरात तर मी कोणत्या पक्षाचा ते विचारून पाणी दिलं. अर्धा ग्लास.

तूर्त खर्च मी करणार. शिवकांताला तूर्त सांगणार नाही.

झाकण: उद्या.

२० एप्रिल

कमानीसाठी सटवाजी वेल्डरला धरलं. मूळचा हिमायतनगरचा, हात कलाकाराचा. त्याचा एकच प्रश्न: सायब, मोर किती बसवायचे? म्हटलं दोन. म्हणे, दोनानं कमान मोकळी मोकळी दिसंल. सहा ठरले.

रस्त्याची रुंदी मी स्वतः तीनदा मोजली. एका इंचाचा फरक नाही. उंचीचं सटवाजी म्हणाला, नजरेला बरी दिसंल तेवढी करू. मलाही पटलं. तीस वर्षांत कुणी मला शेताची उंची विचारली नाही.

३० एप्रिल

कमान उभी! मोगरा कॉलनी, स्वागतम्, सहा मोर. दोन मोर कोंबड्यासारखे वाटतात, पण ते लांबून.

बजरंग टँकर घेऊन आला तेव्हा केबिनमधून मान बाहेर काढून वर बघत बघत, अगदी हळू खालून गेला. साध्या ड्रायव्हरलासुद्धा कलेची जाण असते.

एक त्रुटी. संकल्पनाकार म्हणून माझं नाव वर मोरांच्या पायात आलंय. सरजाबाईंना विचारलं, वाचता येतंय का? म्हणाल्या, न्हाई बाबा. त्यांना मुळात वाचता येत नाही, हे शिवकांतानं नंतर सांगितलं. तरीही फीडबॅक तो फीडबॅक. कमानीखाली वेगळी मोठी पाटी लावायची.

३ मे

सटवाजीनं पाटीचं माप विचारलं. खिशात एक माप लिहिलेलं सापडलं, तेच दिलं. माप ते माप.

मजकूर फायनल: संकल्पना व मार्गदर्शन, मा. श्री. उमाशंकर हुडगे, सेवानिवृत्त, भूमी अभिलेख. चारही बाजूंनी लोखंडी फ्रेम. शंभर वर्षं हलणार नाही.

१० मे, अक्षय तृतीया, बसव जयंती

उद्घाटन. मोठा पाहुणा मीच बोलावला नाही, आचारसंहिता आहे. ज्यांना बोलावलं त्यांनीही हेच कारण सांगितलं.

सकाळी सटवाजीनं पाटी चढवली आणि लगेच माहूरला देवीच्या दर्शनाला निघाला. फीत शिवकांतानं कापली. ती तिथं टँकरची वाट बघत उभीच होती. कात्री हणमंतरावांची, फीतही त्यांच्याच दुकानातल्या मिठाईच्या खोक्याची. भाषणात मी कॉलनीचा इतिहास सांगितला. लोक शेवटपर्यंत थांबले, कारण टँकर उशिरा येणार होता. मग फोन आला की आज येतच नाही. सगळे गेले.

मी पाटीखाली थोडा वेळ उभा राहिलो. स्वतःचं नाव वर बघायला मान दुखते, पण बरं वाटतं. फार बरं वाटलं.

११ मे

टँकर आला. कमानीपाशी थांबला. बजरंग खाली उतरून पाटीकडे बघत राहिला. मला वाटलं वाचतोय. जवळ गेलो तर म्हणे, ह्ये कोणी लटकिवलं? टाकी अडकायली.

टँकर चार बोटं उंच आहे. मी त्याला समजावलं की दोष टँकरचा आहे. परवापर्यंत हाच टँकर जात होता, म्हणजे मधल्या काळात तो वाढला असणार. बजरंग म्हणाला, सायब, टँकर हाय, वासरू न्हाई.

बायका घागरी घेऊन बाहेर आल्या. हणमंतराव म्हणाले, पाटी काढा. लोक इतक्या चटकन टोकाचं बोलतात! म्हटलं, पाटी वेल्डिंगची आहे, ती सटवाजीच काढणार, आणि तो माहूरला आहे.

मग मीच उपाय काढला. टायरमधली हवा कमी करा. केली. टँकर फेंगडत, पाटीला न लागता, आत आला. टाळ्या. टाळ्या बहुतेक मीच वाजवल्या, पण वाजल्या.

संध्याकाळी ५

अडचण किरकोळ. टँकर रिकामा झाल्यावर वर उचलला गेला. आता बाहेर निघत नाही.

१२ मे

टँकर आमच्या गल्लीत मुक्कामाला. बजरंग आमच्याच ओसरीवर. सकाळी चार भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, मग शिवकांताला म्हणाला, भाबी, धा गल्ल्या माज्या नावानं बोंबलत असतील.

आणखी हवा सोडली तर टायर रिंगमधून निघतो. म्हणून वजन वाढवायचं ठरलं. माझी सूचना: माणसं वर बसवू. बसवली. टँकर छान दबला. पण मग माणसं पाटीला लागायला लागली. हणमंतरावांनी माणसं टाकीच्या आत घालायला सांगितलं. त्यांच्या बुद्धीची कीव आली. तरी खात्री करायला मी स्वतः तोंडातून आत उतरून बघितलं. पोट अडकलं. दोघांनी ओढून काढलं. साखर उद्यापासून नक्की बंद.

सटवाजीला गुपचूप फोन केला. तो निघतच होता. म्हटलं, देवीचं दर्शन घाईत घेऊ नये. दोन दिवस रहा, मनःशांती मिळते.

शिवकांता बोलत नाही. झाकणाचं तर विचारणंसुद्धा बंद केलंय. चला, एक कटकट गेली.

१३ मे

आज सगळी कॉलनी प्रथमच एकत्र आली. हेच तर माझं स्वप्न होतं.

निमित्त: टँकरमध्ये पाणी परत भरणं. भरला तरच बसतो, बसला तरच निघतो. हे गणित सरजाबाईंनी मांडलं, पण त्याआधी ते माझ्या मनात आलं होतं. हौदातून, पिपातून, घागरीतून सगळ्यांनी पाणी परत टाकीत ओतलं. रांग केली होती. मी सूचना देत होतो. सरजाबाई ओतताना एकेका घागरीला माझं नाव घेऊन काहीतरी म्हणत होत्या. नीट ऐकू आलं नाही. ऐकायला जवळ गेलो नाही.

टँकर भरून बाहेर गेला. आमचं पाणी घेऊन पुढच्या कॉलनीत. जाताना बजरंगनं हात जोडले आणि सांगितलं की पाटी हाय तवर आपण येत न्हाई.

आता कॉलनीत पाणी नाही. मात्र रस्ता सांडलेल्या पाण्यानं धुतला गेला. स्वच्छता हा सुशोभीकरणाचाच भाग आहे. तसं हणमंतरावांना सांगितलं. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

१५ मे. दुपारी

आंघोळ नाही. चहा नाही, साखर असूनही. नळाला नुसती हवा.

शिवकांता आज बोलली. ओरडली असती तर परवडलं असतं. हळू बोलली. म्हणाली, अवं, तुमचं नाव असावं असं मला वाटत न्हाई का? पण त्याच्याखालून पाणी येऊ द्या की. सरजाबाई पुढच्या कॉलनीतून घागर आणायल्या ह्या वयात.

मी कमानीकडे फिरायला गेलो. पाटी चांगली दिसत होती. एकटीच दिसत होती.

दुपारी ४

शिवकांतानं माझ्या मोबाइलमधून नंबर घेऊन सटवाजीला फोन केला. स्पीकरवर. तो अजून माहूरलाच. म्हणाला, आता बास झाली मनःशांती, सायबांना इचारा येऊ का. पाटी कशी कापायची विचारल्यावर म्हणाला, कापता कामून? वेल्डिंग कुटं केलंय? रॉड संपला व्हता. नुसती खाचंत बसिवली हाय, वर उचलली की निघती.

मला खरंच माहीत नव्हतं. निदान हे तरी माझ्या विरोधात धरू नये.

हणमंतरावांनी शिडी आणली. शिवकांता पदर खोचून चढली. दोन्ही हातांनी वर उचलली. निघाली. शंभर वर्षांची पाटी. खाली सरजाबाईंनी आणि चार बायकांनी मिळून झेलली. टाळ्या झाल्या. आज मला वाजवाव्या लागल्या नाहीत.

१६ मे

समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला. द्यायचा कुणाला, ते कळेना. अध्यक्ष मीच. स्वीकारला नाही.

पाटी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आहे. मोरांखालच्या खाचा रिकाम्या दिसतात.

१८ मे. सकाळी १०

टँकर आला. कमानीखालून सरळ आत. थांबला नाही, वर बघितलं नाही.

आमच्या अंगणात हौदावर आमची पाटी होती. शिवकांतानं टाकली असणार. चारही बाजूंनी बरोब्बर बसली आहे, एका इंचाचा फरक नाही. तेव्हा कुठं आठवलं की सटवाजीला मी खिशातलं कोणतं माप दिलं होतं. अक्षरं वरच्या बाजूला ठेवली आहेत. पुसून, स्वच्छ.

बजरंग पाइप ओढत आत आला. कुठं टाकू म्हणाला. शिवकांता आतून म्हणाली, हुडगेसायबाच्या पाटीखाली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. बजरंगच्या दोन्ही हातांत पाइप होता, म्हणून मीच पुढे झालो. फ्रेम फार जड आहे. हौद भरेपर्यंत उचलून धरून उभा राहिलो.